गेस्ट चालू असताना आलेला पीएमआय: तो कोणाचा आणि कोणी हाताळायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंटेलच्या प्रोसेसरवर केव्हीएमच्या (लिनक्समधल्या हायपरव्हायजरच्या) धर्तीचा एक छोटा हायपरव्हायजर, म्हणजे खऱ्या यंत्रावर (होस्टवर) आभासी यंत्रे (गेस्ट) चालवणारा प्रोग्रॅम, लिहिला आहे आणि गेस्टला परफॉर्मन्स काउंटर, म्हणजे प्रोसेसरमधील घटना मोजणारे काउंटर, उपलब्ध करून दिले आहेत. गेस्टमध्ये ‘पर्फ रेकॉर्ड’ (लिनक्सच्या पर्फ ह्या प्रोफाइलिंग साधनाची आज्ञा) चालवले की दोन अडचणी दिसतात. गेस्टच्या कर्नल लॉगमध्ये अनोळखी एनएमआय (इतर इंटरप्ट बंद असतानाही येणारा इंटरप्ट) आल्याचे संदेश येतात, आणि गेस्टचा व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) रिकामा बसत असेल तर काही पीएमआय (काउंटर ओव्हरफ्लो झाल्यावर येणारे इंटरप्ट) फार उशिरा पोहोचतात. होस्टच्या एनएमआय हँडलरमधूनच गेस्टला थेट इंटरप्ट द्यावा काय, अशी विचारणा आहे.

तसे करू नये. होस्टच्या एनएमआय हँडलरने केवळ नोंद करून बाजूला व्हावे, आणि गेस्टला इंटरप्ट देण्याचे काम त्या व्हीसीपीयूच्या थ्रेडने पुढच्या व्हीएम एंट्रीपूर्वी, म्हणजे ताबा पुन्हा गेस्टकडे देण्यापूर्वी, करावे. हार्डवेअरने होस्टला दिलेला पीएमआय आणि गेस्टला दिसणारा पीएमआय ह्या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिलीतून दुसरी तयार करताना ती एकदाच तयार व्हावी आणि व्हीसीपीयू झोपी जाण्याआधी व्हावी, ह्या दोन अटींपैकी एकेक अट तुमच्या एकेका अडचणीत मोडलेली दिसते.

आधी हार्डवेअरकडे पाहू. सॅम्पलिंग करताना पर्फ काउंटरमध्ये कालावधीची ऋण किंमत भरतो, म्हणजे तितक्या घटना घडल्या की काउंटर शून्यावरून पुढे जाऊन ओव्हरफ्लो होतो. त्या वेळी ग्लोबल स्टेटस रजिस्टरमधील त्या काउंटरचा बिट लागतो आणि लोकल एपिकमधील (कोअरच्या इंटरप्ट नियंत्रकातील) एलव्हीटीपीसी ह्या नोंदीत जी पद्धत लिहिली असेल त्या पद्धतीने इंटरप्ट जातो. इंटरप्ट बंद करून चालणाऱ्या कर्नल कोडचेही सॅम्पल मिळावेत म्हणून लिनक्स तेथे एनएमआय लिहितो. ह्यातल्या दोन बारकाव्यांवर पुढचे सगळे अवलंबून आहे. ओव्हरफ्लो आणि इंटरप्ट ह्यांच्यामध्ये थोडा अवकाश असतो, त्यामुळे ओव्हरफ्लो गेस्टमध्ये आणि इंटरप्ट होस्टमध्ये असे घडू शकते. दुसरे असे की पीएमआय पाठवताना एपिक एलव्हीटीपीसीमधील मास्क बिट (इंटरप्ट अडवणारा बिट) स्वतःहून लावतो, आणि हँडलरने तो काढेपर्यंत पुढचा पीएमआय जात नाही.

गेस्ट चालू असताना एनएमआय आला तर इंटेल आणि एएमडी ह्यांचे वर्तन एकसारखे नाही. इंटेलवर एनएमआय-एक्झिटिंग हे नियंत्रण लावलेले असल्यास व्हीएम एक्झिट होते, म्हणजे ताबा गेस्टकडून हायपरव्हायजरकडे येतो, आणि एक्झिटच्या माहितीत व्हेक्टर (इंटरप्टचा क्रमांक) २ दिसतो; परंतु त्या एक्झिटमध्ये तो एनएमआय खर्ची पडलेला असतो. होस्टच्या आयडीटीमधून (इंटरप्ट हँडलरांच्या तक्त्यातून) तो पुन्हा येणार नाही, म्हणून हायपरव्हायजरने होस्टचा एनएमआय हँडलर स्वतः बोलवावा लागतो, आणि तोही त्याच सीपीयूवर, इंटरप्ट सुरू करण्याच्या आधी. शिवाय अशा एक्झिटनंतर पुढचे एनएमआय अडवलेले राहतात आणि आयरेट (इंटरप्टमधून परतण्याची) सूचना चालल्यावरच ते मोकळे होतात, त्यामुळे हँडलरला साध्या फंक्शन कॉलसारखे बोलावून भागत नाही. परतताना आयरेट होईल अशी स्टॅक फ्रेम उभी करावी लागते. एएमडीवर हा खटाटोप नाही. तेथे इंटरसेप्टमुळे एक्झिट होते, पण एनएमआय प्रलंबितच राहतो, आणि एसटीजीआय सूचनेने ग्लोबल इंटरप्ट फ्लॅग लावताच तो होस्टच्या नेहमीच्या वाटेने येतो. इंटेलसाठी लिहिलेला एक्झिटचा कोड एएमडीकडे जसाच्या तसा नेला तर एकच एनएमआय दोनदा हाताळला जाईल, हे पोर्टिंग करणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

आता हा पीएमआय कोणाच्या नावे मांडायचा ते पाहू. होस्टचा हँडलर चालतो तेव्हा रजिस्टरांमध्ये होस्टचा, म्हणजे हायपरव्हायजरच्याच कोडचा पत्ता असतो. होस्टवरून संपूर्ण यंत्राचे प्रोफाइल घेणाऱ्याला मात्र गेस्टमधला पत्ता हवा असतो. त्यासाठी पर्फ केव्हीएमला विचारतो की आत्ता गेस्टमधून आलो आहोत काय, तो युजर मोडमध्ये होता की कर्नलमध्ये, आणि त्याचा इन्स्ट्रक्शन पॉइंटर काय होता. २०१० पासून ही विचारणा कॉलबॅकच्या रूपाने होते. केव्हीएम हँडलर बोलवण्याआधी त्या व्हीसीपीयूवर एक खूण ठेवतो आणि नंतर पुसतो. ही खूण किती काळ राहते ह्यात मेख आहे. पूर्वी इंटेलवरही गेस्टमधून आलेला साधा इंटरप्ट हाताळताना तीच खूण लागलेली असे, आणि त्या खिडकीत होस्टच्या कोडवर पडलेला एनएमआय गेस्टच्या खात्यावर जाई. लिनक्स ५.१७ च्या सुमारास ‘एनएमआयसाठी’ आणि ‘इंटरप्टसाठी’ अशा दोन वेगळ्या खुणा झाल्या, आणि त्याच वेळी ह्या कॉलबॅकना आरसीयूचे (कुलूप न घेता सुरक्षित वाचू देणाऱ्या यंत्रणेचे) संरक्षण मिळाले, कारण केव्हीएमचे मॉड्यूल काढून टाकत असताना एनएमआय आला तर रिकामा पॉइंटर वाचला जाण्याची शक्यता होती. एनएमआय कोणत्याही दोन सूचनांच्या मधोमध येऊ शकतो, त्यामुळे त्याच्या हँडलरने वाचलेला प्रत्येक पॉइंटर संशयाने पाहावा.

आता मूळ मुद्दा, म्हणजे गेस्टला पीएमआय देणे. केव्हीएमचा व्हर्च्युअल पीएमयू (गेस्टला दिसणारा काउंटरांचा आभासी संच) २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून आहे आणि त्याची मूळ कल्पना साधी आहे: गेस्टने एखादा काउंटर सुरू केला की केव्हीएम होस्टच्या पर्फकडे त्याच वर्णनाचा एक इव्हेंट मागतो, तो केवळ गेस्ट चालू असताना मोजेल अशी अट घालतो, आणि आपला ओव्हरफ्लो हँडलर जोडतो. हार्डवेअरचा पीएमआय येतो तेव्हा पर्फ भौतिक स्टेटस वाचतो, साफ करतो, आणि ज्या इव्हेंटचा ओव्हरफ्लो झाला त्याचा हँडलर बोलवतो. केव्हीएमचा हँडलर दोनच गोष्टी करतो: गेस्टच्या आभासी ग्लोबल स्टेटसमध्ये संबंधित बिट लावतो, आणि गेस्टने त्या काउंटरवर इंटरप्ट मागितला असेल तर व्हीसीपीयूवर पीएमआयची विनंती नोंदवतो. ही विनंती म्हणजे एका शब्दातला एक बिट, आणि तो अणुरूप क्रियेने लावता येत असल्यामुळे एनएमआयच्या संदर्भातही सुरक्षित असतो.

पुढच्या व्हीएम एंट्रीपूर्वी व्हीसीपीयूचा थ्रेड प्रलंबित विनंत्या तपासतो. पीएमआयची विनंती दिसली तर तो गेस्टचा आभासी एलव्हीटीपीसी वाचतो. तेथे मास्क असेल तर काही देत नाही, साधा व्हेक्टर असेल तर तो आभासी एपिकमध्ये टाकतो, आणि एनएमआय लिहिलेले असेल तर गेस्टसाठी एनएमआय प्रलंबित करतो. गेस्ट त्या क्षणी आधीच्या एनएमआयच्या हँडलरमध्ये असेल, तर एनएमआय-विंडो एक्झिट मागून थांबावे लागते. गेस्टच्या एलव्हीटीपीसीकडे न पाहता नेहमी एनएमआयच देणारा कोड छोट्या हायपरव्हायजरांमध्ये हमखास आढळतो. लिनक्स गेस्टबरोबर तो चालूनही जातो, आणि वेगळी पद्धत निवडणारा गेस्ट आला की कोसळतो.

तुमची पहिली अडचण इथेच आहे असे मला वाटते. खरा एपिक पीएमआय देताना मास्क लावतो हे वर आले आहे. तुमचा आभासी एपिक तो लावत नसेल, तर गेस्टचा हँडलर पहिला पीएमआय हाताळत असताना दुसऱ्या काउंटरच्या ओव्हरफ्लोचा आणखी एक एनएमआय प्रलंबित होतो. गेस्टचा हँडलर हुशार असतो: स्टेटस पुन्हा वाचून तो दुसरा ओव्हरफ्लोही त्याच फेरीत निकालात काढतो. मग आयरेट होते, थांबलेला एनएमआय आत येतो, स्टेटस कोरे दिसते, एकही हँडलर त्याला आपला म्हणत नाही, आणि लॉगमध्ये तो प्रसिद्ध ‘डेझ्ड अँड कन्फ्युज्ड’ संदेश उमटतो. लागोपाठच्या एनएमआयपैकी काही गिळून टाकण्याची तजवीज लिनक्समध्ये आहे, म्हणून हा संदेश दर वेळी दिसत नाही, आणि म्हणूनच दोष शोधणे त्रासाचे होते. हा केवळ नवशिक्या कोडचा दोष नाही. केव्हीएममध्येही पीएमआय देताना मास्क लावण्याची दुरुस्ती २०२३ मध्ये आली, म्हणजे व्हर्च्युअल पीएमयू येऊन अकरा वर्षे झाल्यावर. तुमच्या कोडमध्ये ही एका ओळीची भर असेल: गेस्टला पीएमआय यशस्वीपणे दिला की त्याच्या आभासी एलव्हीटीपीसीमध्ये मास्क बिट लावा. तो काढणे हे गेस्टचे काम आहे.

ह्याच दोषाची दुसरी बाजू म्हणजे पीएमआय निर्माण करणारे एकाहून अधिक स्रोत. हायपरव्हायजर एखादी सूचना गेस्टच्या वतीने एम्युलेट करतो तेव्हा ‘पूर्ण झालेल्या सूचना’ मोजणारा गेस्टचा काउंटर त्याला हाताने एकने वाढवावा लागतो, आणि त्या वाढीनेच ओव्हरफ्लो झाला तर एनएमआयशिवायच पीएमआय जन्माला येतो. एनएमआयचा मार्ग आणि एम्युलेशनचा मार्ग हे दोन्ही स्वतंत्रपणे गेस्टला इंटरप्ट देऊ लागले, तर एकाच एक्झिटमध्ये दोन पीएमआय जातात. दोघांनी एकच विनंतीचा बिट लावावा आणि देण्याची जागा एकच असावी, म्हणजे बिट कितीदा लावला ह्याला महत्त्व उरत नाही.

दुसरी अडचण झोपलेल्या व्हीसीपीयूची. काउंटर ओव्हरफ्लो झाला, आणि इंटरप्ट येण्याआधीच्या त्या थोड्या अवकाशात गेस्टने एचएलटी (प्रोसेसर थांबवून ठेवणारी) सूचना चालवली, अशी कल्पना करा. एक्झिट होते, एनएमआय होस्टमध्ये येतो, विनंतीचा बिट लागतो. पण थ्रेड आता व्हीएम एंट्रीकडे जायचा नसून झोपायला निघालेला असतो. झोपण्यापूर्वीची तपासणी जर फक्त प्रलंबित इंटरप्ट आणि एनएमआय पाहत असेल, तर ही विनंती तिच्या नजरेतून सुटते, आणि पुढचा टाइमर इंटरप्ट येईपर्यंत पीएमआय तसाच पडून राहतो. तुम्ही वर्णन केलेला उशीर नेमका असा दिसेल.

एनएमआय हँडलरमधूनच थ्रेडला जागे करावे, हा सुचणारा पहिला उपाय आणि तो धोक्याचा आहे. जागे करण्यासाठी शेड्युलरच्या रनक्यूचे (चालायला तयार थ्रेडच्या रांगेचे) कुलूप घ्यावे लागते, आणि एनएमआयने ज्याला मध्येच थांबवले त्याच कोडने ते कुलूप धरलेले असेल तर सीपीयू कायमचा अडकतो. केव्हीएमने अनेक वर्षे ह्यासाठी आयआरक्यू-वर्कचा आधार घेतला: एनएमआयमध्ये एक काम कुलूपविरहित यादीत टाकायचे, स्वतःलाच एक इंटरप्ट पाठवायचा, आणि एनएमआयबाहेर पडल्यावर त्या इंटरप्टमध्ये पीएमआय द्यायचा. हे चालत असे, पण त्यामुळे देण्याच्या जागा दोन झाल्या, आणि व्हीसीपीयू दरम्यान दुसऱ्या सीपीयूवर गेला तर दोन्ही जागांची शर्यत लागून दुहेरी पीएमआय जाण्याची शक्यता, सैद्धांतिक का होईना, राहिली. २०२३ मध्येच एक्स८६ वरून आयआरक्यू-वर्क काढून टाकले गेले आणि त्याऐवजी झोपण्यापूर्वीच्या तपासणीत ‘पीएमआयची विनंती आहे काय’ हा एक प्रश्न वाढवला गेला. इव्हेंट व्हीसीपीयूच्या थ्रेडशी बांधलेला आणि केवळ गेस्टमध्ये मोजणारा असल्यामुळे त्याचा पीएमआय एक्झिटनंतर लगेचच, तो थ्रेड चालू असताना येतो. म्हणजे तपासणीपर्यंत बिट लागलेलाच असतो. मुळात ज्याला जागे करायचे तो अजून झोपलेलाच नाही, हे ओळखणे हा मला ह्या सगळ्या कोडमधला सर्वांत देखणा बदल वाटतो. तुम्हीही तेच करावे.

एआरएम६४ वर चित्र बरेच सौम्य आहे. तेथे पीएमयूचा इंटरप्ट हा प्रत्येक कोअरचा खासगी, पातळीवर आधारित (कारण टिकून असेपर्यंत लागलेला राहणारा) इंटरप्ट असतो, आणि केव्हीएम ओव्हरफ्लो स्टेटस व इंटरप्ट-एनेबल ह्या रजिस्टरांवरून ती पातळी काढून आभासी जीआयसीला (एआरएमच्या इंटरप्ट नियंत्रकाला) कळवतो. गेस्टने स्टेटस साफ केले की पातळी आपोआप खाली येते आणि दुहेरी इंटरप्टचा प्रश्न बहुतांशी मिटतो. फक्त होस्टने स्यूडो-एनएमआय (प्राधान्यक्रम वापरून एनएमआयसारखे केलेले इंटरप्ट) वापरून पर्फ चालवला असेल तर जागे करण्याची तीच अडचण तेथेही येते.

हे सर्व बरोबर केले तरी एम्युलेशनवर उभ्या असलेल्या व्हर्च्युअल पीएमयूची किंमत राहतेच. लिनक्स गेस्टचा पीएमआय हँडलर काउंटर थांबवतो, स्टेटस साफ करतो, काउंटरची किंमत पुन्हा भरतो, एलव्हीटीपीसीचा मास्क काढतो आणि काउंटर पुन्हा सुरू करतो. ह्यांतले प्रत्येक लेखन एक एक्झिट घडवू शकते, म्हणजे मूळ एनएमआय धरून एका सॅम्पलमागे पाच-सहा एक्झिट सहज होतात. पर्फ रेकॉर्डची मूळ वारंवारता सेकंदाला ४,००० आहे; गुणाकार केला की एका व्हीसीपीयूवर सेकंदाला वीस हजारांहून अधिक एक्झिट निघतात. गेस्टमध्ये इंटरप्टला फार वेळ लागल्याची आणि म्हणून सॅम्पलिंगची कमाल वारंवारता कमी केल्याची सूचना लॉगमध्ये वारंवार दिसते ती ह्याचमुळे, आणि ती दिसली म्हणून गेस्टचा कर्नल बिघडला असे समजू नये.

दुसरी किंमत गुपचूप वसूल होते. केव्हीएमचे इव्हेंट पर्फच्या रांगेत थ्रेडचे पिन केलेले (काउंटरवर कायम ठेवायचे) इव्हेंट म्हणून उभे असतात, तर होस्टचा एनएमआय वॉचडॉग (अडकलेला सीपीयू ओळखणारी यंत्रणा) हा सीपीयूचा पिन केलेला इव्हेंट असतो आणि त्याचा हक्क आधीचा. हार्डवेअर काउंटर कमी पडले तर गेस्टचा इव्हेंट बाहेर राहतो, आणि गेस्टला त्याची खबरही लागत नाही. त्याचा काउंटर नुसता पुढे सरकत नाही. तुमचे आकडे संशयास्पद वाटत असतील तर मोजमापाच्या काळापुरता होस्टचा वॉचडॉग बंद करून पाहा. गेस्टमधला वॉचडॉग मात्र बंदच असू द्यावा. केव्हीएम गेस्टमध्ये लिनक्सने २०१४ पासून तो मुळातच बंद ठेवला आहे, कारण होस्टवर गर्दी असली की खोट्या लॉकअपचे इशारे सहज सुटतात.

ह्या किमतीवरचा मूलगामी उपाय म्हणून गुगल आणि इंटेल येथील अभियंत्यांनी २०२४ च्या सुरुवातीपासून ‘मध्यस्थ’ पीएमयूची पॅचमालिका पुढे आणली. तिच्यात गेस्ट चालू असेपर्यंत काउंटर खरोखर त्याच्या ताब्यात असतात आणि जाता-येता त्यांची अदलाबदल होते. तुमच्या प्रश्नाशी संबंधित भाग असा की गेस्टमध्ये शिरताना भौतिक एलव्हीटीपीसी एनएमआयवरून काढून एका राखीव, साध्या व्हेक्टरवर नेला जातो. त्यामुळे गेस्टच्या काउंटरचा पीएमआय व्हेक्टरवरूनच ओळखता येतो. एक्झिटच्या ऐन वेळी तो उशिरा आला तरी इंटरप्ट सुरू होईपर्यंत एपिकमध्ये आपल्या नावानिशी थांबतो, आणि होस्टच्या एनएमआय हँडलरवर अनोळखी पाहुणा येत नाही. त्या व्हेक्टरचा हँडलर पुन्हा तेच करतो, म्हणजे विनंतीचा बिट लावतो. मोबदल्यात होस्टला गेस्टच्या आत डोकावता येत नाही, आणि गेस्टला वगळण्याची अट न घातलेले हार्डवेअर इव्हेंट होस्टवर उघडू दिले जात नाहीत. अनेक ग्राहकांची यंत्रे चालवणाऱ्या क्लाउडला हा सौदा परवडतो. होस्टवरून ‘पर्फ केव्हीएम’ लावून गेस्टचा कर्नल तपासणाऱ्या विकासकाला तो अजिबात परवडणार नाही. तुमचा हायपरव्हायजर शिकण्यासाठी असेल तर आधी एम्युलेशनचीच वाट नीट बांधावी, असे माझे मत आहे.

दुरुस्ती खरोखर लागू पडली की नाही हे पाहण्यासाठी गेस्टच्या प्रॉक फाइल सिस्टिममधील इंटरप्ट्स ही फाइल उघडा. तिच्यात एनएमआय आणि पीएमआय अशा दोन स्वतंत्र ओळी असतात. इंटेलवर पहिली ओळ आलेला प्रत्येक एनएमआय मोजते, तर दुसरी स्टेटस कोरे नसताना हाताळलेल्या फेऱ्या मोजते. गेस्टमध्ये दोन-तीन इव्हेंट एकाच वेळी छोट्या कालावधीने सॅम्पल करा, म्हणजे ओव्हरफ्लो एकमेकांच्या अंगावर येतील, आणि दोन्ही ओळींतील वाढ ताडून पाहा. एनएमआयची वाढ पीएमआयहून सातत्याने जास्त असेल तर दुहेरी इंटरप्ट अजून जात आहेत; पीएमआयची वाढ किंचित जास्त असणे ठीक आहे, कारण एका एनएमआयमध्ये हँडलर एकाहून अधिक फेऱ्या करू शकतो. उशिराच्या पीएमआयसाठी बहुतेक वेळ एचएलटीमध्ये घालवणारा व्हीसीपीयू घ्या, कालावधी इतका बेता की ओव्हरफ्लो एचएलटीच्या अगदी तोंडाशी पडेल, आणि ओव्हरफ्लोची नोंद व इंटरप्ट देणे ह्या दोन्ही जागी ट्रेसपॉइंट लावून मधले अंतर मोजा. ते अंतर गेस्टच्या टाइमरच्या कालावधीइतके येत असेल, तर झोपण्यापूर्वीच्या तपासणीत विनंतीचा बिट अजून पाहिला जात नाही.